राजेळीचा घड आणि माझा सूर्यास्त

प्रवासवर्णनाच्या सुरुवातीला अंतर, वाहन आणि लागलेला वेळ सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगतो. अंतर आठ-नऊ किलोमीटर. वाहन माणिकपूरच्या नाक्यावरची रिक्षा. वेळ पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं रिक्षावाल्याने गॅसच्या रांगेत घालवली. एवढ्या प्रवासाला निघायला मला एकोणीस वर्षं लागली.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वसईला फ्लॅट घेतला तो परवडला म्हणून, समुद्र आहे म्हणून नव्हे. सकाळी घर सोडायचं, अंधार पडल्यावर परतायचं आणि रविवारी उशिरापर्यंत लोळायचं, यात वसई म्हणजे माझ्या लेखी स्टेशन, माणिकपूरची दुकानं आणि एक दातांचा डॉक्टर. तरीही मी स्वतःला मोठा प्रवासी समजतो. गोवा झालं, केरळ दोनदा झालं, अंदमान झालं. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात दर वर्षी माझं एक प्रवासवर्णन असतं आणि त्यात एक सूर्यास्त असतोच असतो. लोक मला जिन्यात अडवून त्याचं कौतुक करतात आणि मी 'छे हो, आपलं काहीतरी' असं म्हणून ते नीट ऐकून घेतो.

मागच्या वेळी केरळात एका होडीवाल्याने मला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, तुमच्या गावाला काय आहे बघण्यासारखं? मी म्हटलं, काही नाही, आम्ही तिथे फक्त झोपायला जातो. समुद्र नाही का, असं त्याने विचारल्यावर मी म्हटलं, असेल. माझी बायको सुनीता शेजारी बसली होती. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "समुद्र असेल म्हणे. घरी गेल्यावर उशीखाली बघा, सापडला तर."

ते मला लागलं. जानेवारीत एक शुक्रवार रजा टाकली, इंटरनेटवर शोधून भुईगावच्या अलीकडे एका वाडीत दोन रात्रींसाठी खोली घेतली आणि निघालो. सुनीताच्या शाळेत गॅदरिंग होतं. ते नसतं तरी रिक्षाने प्रवासाला जाणाऱ्या माणसाबरोबर आपण दिसणार नाही, असं तिने सांगून टाकलं.

*शुक्रवार, वाडी*

पापडी मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं सुरू झालं. केळी, माड, सुपारी, त्यांच्यावर चढलेले पानवेल, मध्येच एखादं पांढरं चर्च आणि कौलारू घरांपुढे क्रूस. हवा बदलली, हे रिक्षातसुद्धा कळलं. एका वळणावर तळं दिसलं, काठावर माड वाकलेले आणि पाण्यात एक बगळा. याला इथे बावखल म्हणतात. गोड्या पाण्याची अशी तळी गावागावांत आहेत आणि विहिरींना पाणी राहतं ते त्यांच्याच जिवावर. अलेप्पीला असंच एक तळं बघायला मी दिवसभराची होडी ठरवली होती.

खोलीचा मालक जेरोम हा चाळिशीचा, मुंबईत बँकेत नोकरी करणारा माणूस. सकाळ-संध्याकाळ वाडी बघतो, आणि आईच्या मनाविरुद्ध त्याने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. त्याची बायको शाळेत शिकवते. घराची खरी मालकीण मात्र त्याची आई, फ्लोरीमावशी. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर लाल लुगडं, कानांत जड सोनं आणि पाठ ताठ. घरात सगळे आपसात त्यांच्या बोलीत बोलायचे. मी मराठी माणूस, मराठीत लिहिणारा, आणि मला त्यातलं अर्धंच कळायचं. मावशी माझ्याकडे वळल्या की शाळेच्या पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलायच्या. म्हणजे त्यांना माझी भाषा येत होती आणि मला त्यांची येत नव्हती.

दुपारी तांदळाची भाकरी आणि वाळवलेली कैरी घातलेलं ओल्या बोंबलांचं कालवण होतं. बोंबील तोंडात ठेवला की विरघळायचा. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. आमच्याकडे पाहुण्याला 'संकोच करू नका' म्हणायची रीत आहे. इथे कोणी म्हणत नाही, नुसतं वाढतात.

जेवण झाल्यावर हात धुवायला मागे गेलो तेव्हा सुकेळी पाहिली. कमरेएवढ्या उंच मांडवावर बांबूच्या ताट्या आणि त्यांवर सोललेली केळी ओळीने मांडलेली, मधाच्या रंगाची, सुरकुतलेली. ही राजेळी केळी. घड पिकवायचा, केळी सोलायची आणि सात दिवस उन्हात वाळवायची. रोज सकाळी मांडायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी उचलून गोधडीत गुंडाळून घरात न्यायची. शेवटी केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. नाव ऐकून होतो. दुकानात पुडीसुद्धा पाहिली होती आणि हे बाहेरून येत असावं असं समजत होतो.

मावशींच्या या केळ्यांचा आज चौथा दिवस होता. वाडीत राजेळीची सहाच झाडं उरली होती, आणि वादळवाऱ्यातून गेल्या तीन वर्षांत धड पोसलेला हा पहिला घड होता. तो कोणासाठी, तेही मावशींनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण रोझ धर्मभगिनी आहे, विदर्भातल्या एका कॉन्व्हेंटात. तिकडे जाऊन एकेचाळीस वर्षं झाली. आता अंथरुणाला खिळली आहे आणि अन्न जात नाही. महिन्यापूर्वी फोनवर एवढंच म्हणाली, बायच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, हातचं सुकेळं मिळालं तर खाईन. सोमवारी रात्रीच्या गाडीने जेरोम ते घेऊन जाणार होता.

"एक घड आहे, दुसरा नाही," मावशी म्हणाल्या. "म्हणून मी कोणाला हात लावू देत नाही."

मी मात्र त्या दुपारी हात लावला. हात स्वच्छ धुऊन त्यांच्याबरोबर केळी उलटली, दोन बोटांनी, देठाकडून धरून. मी म्हटलं, मावशी, वाळवण मला नवीन नाही. आमच्या गच्चीवर आईच्या कुरडया, सांडगे, पापड असायचे आणि राखण माझ्याकडे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही आमच्यातलेच. मला कोण आनंद झाला. सातारकर कोकणात 'आमच्यातला' ठरला, हे वाक्य अंकात घालायचं मी तिथेच ठरवलं.

*शनिवार सकाळ, अर्नाळा*

सकाळी जेरोमच्या सायकलवरून निघालो. निर्मळ, नाळे, राजोडी, आणि डावीकडे सतत सुरूंच्या बनाआड समुद्र. वाटेत एका बाईने कुंपणावरून सोनचाफ्याची दोन फुलं दिली, का ते विचारायच्या आत आत निघूनही गेली. मी ती खिशात ठेवली आणि दिवसभर माझ्या शर्टाला वास येत राहिला.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून, माणसापेक्षा उंच भिंतीच्या भिंती. वास आहे, खोटं कशाला सांगू. पण दहा मिनिटांनी तो वास न राहता हवाच होते. समोर बेट आणि त्यावर किल्ला. होडी वाळूला लागत नाही, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढावं लागतं. मी बूट हातात घेतले, पण पँट वर करायला विसरलो. माझ्या पुढची कोळीण डोक्यावर बर्फाची पाटी घेऊन एका उडीत आत बसली होती आणि मला हात देत होती. कुठून आलात, तिने विचारलं. माणिकपूरहून म्हटलं. किती वर्षं राहता? एकोणीस.

"मानिकपूरशी इथवर याला एकोनीस वर्सा?" ती म्हणाली. "पानी काय तुमच्या दारापाशी आनायचं व्हतं?"

होडीतले सगळे हसले आणि मीही हसलो. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, तटावरून चहूकडे समुद्र दिसतो. थंडीतले पांढरे कुरव पक्षी पाण्यावर झुंडीने बसले होते. होडी जवळ गेली की सगळे एकदम उठायचे आणि थोड्या अंतरावर पुन्हा बसायचे. तटावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. गोव्यात अशा जागेसाठी मी तासभर वळणावर गाडी लावायला जागा शोधली होती. या किनाऱ्याची कोणाला कदर नाही, असं एक वाक्य माझ्या डोक्यात तयार झालं. 'कोणाला' म्हणजे कोणाला, हा प्रश्न पडला नाही.

*शनिवार, दुपारनंतर*

जेवून आडवा झालो होतो तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली, सावकाश, एकेक ठोका. आळीतले एक वृद्ध गृहस्थ सकाळीच वारले होते. साडेचारला अंत्यविधी. अशा वेळी इथे घरात कोणी राहत नाही. सगळी आळी जाते, आणि दफन झाल्यावर त्या घरी जाऊन बसते. मावशी काळी शाल घेऊन निघाल्या आणि मांडवापाशी थबकल्या. केळी आत्ताच उचलावीत तर तास-दीड तासाचं ऊन वाया जाणार, आणि सोमवारपर्यंत जेमतेम सात दिवस भरत होते.

मीच म्हटलं, "मावशी, मी आहे ना. मी उचलतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सांगितलं, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं की उचला. सूर्य बुडायची वाट बघू नका. दव त्याच्या आधी येतं." मी हो म्हटलं. त्यांनी गोधडी कुठे आहे ती दाखवली, आणि मी पुन्हा हो म्हटलं.

पावणेपाचला मी खुर्चीत बसून मांडवाकडे बघत होतो. ऊन लख्ख होतं. समुद्र सायकलने दहा मिनिटांवर, आणि हा माझा इथला शेवटचा सूर्यास्त, कारण रविवारी दुपारी घरी परतायचं होतं. शुक्रवारचा सूर्यास्त मी जेवून झोपल्यामुळे हुकला होता. सूर्यास्ताशिवाय प्रवासवर्णन कसं करायचं? किनारा नुसता बघून येऊ, साडेपाचला परत, असं स्वतःला सांगून मी सायकल काढली.

भुईगावचा किनारा रिकामा होता. पाणी दूर उतरलं होतं आणि ओल्या वाळूत आभाळ दिसत होतं. इवले खेकडे वाळूच्या गोळ्या करून भोवती मांडत होते, पाऊल टाकलं की बिळात. दोन बायका गुडघाभर पाण्यात जाळं ओढत होत्या. साडेपाच वाजले तेव्हा मी घड्याळ पाहिलं, हे मला पक्कं आठवतं. किनाऱ्यावर माड नाहीत, सुरू आहेत, तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं की नाही हे मला दिसत नव्हतं, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं होतं. खरं हे की मला आई आठवली. आमच्या गच्चीवर कुरडया रात्रभर उघड्या असायच्या, सकाळी तशाच खडखडीत. म्हातारी माणसं जास्तच जपतात, अर्ध्या तासाने काय होतंय, असं मी म्हटलं. आमचं वाळवण चैत्र-वैशाखातलं, घाटावरच्या कोरड्या हवेतलं; हे पौषातलं, समुद्राकाठचं. देशावरच्या माणसालाच अशी चूक करता येते, आणि तीही 'मला येतं' म्हणून.

सूर्य बुडेपर्यंत थांबलो. बावीस फोटो काढले. एका फोटोत खेकड्यांच्या गोळ्या मधे येत होत्या म्हणून पायाने सारखं करून घेतलं.

परत आलो तेव्हा आळीतले दिवे लागले होते आणि घरी अजून कोणी आलं नव्हतं. किनाऱ्यावरून सायकल घेतली तेव्हाच तिची सीट ओली लागली होती. मांडवापाशी जाऊन एका केळ्यावर बोट ठेवलं. थंड आणि दमट. मग मी दुसरी चूक केली. दोरीवरचा पंचा ओढून एकेक केळं पुसलं; पंचाही दवाने दमट झाला होता, ते पुसून झाल्यावर कळलं. घाईघाईने सगळी गोधडीत गुंडाळून आतल्या फळीवर ठेवली, अगदी त्यांनी दाखवलं होतं तशी.

साडेसातला मंडळी आली. मावशींनी शाल काढता काढता विचारलं, वेळेवर उचललीत ना?

"हो मावशी. ऊन शेंड्यांवर गेलं तेव्हाच," मी म्हटलं. "एक कावळा आला होता, त्याला हाकललं."

कावळा कुठून आला, मला माहीत नाही. थापेला एखादा तपशील जोडला की ती खरी वाटते, ही लिहिण्यातली युक्ती आहे आणि ती मला सवयीने जमली. मावशी म्हणाल्या, बरं झालं तुम्ही होतात. रात्री इंद्याल होतं, डुकराच्या मांसाचं, त्यांच्या घरच्या बाटलीतल्या मसाल्याचं. चांगले तुकडे त्यांनी शोधून माझ्या पानात घातले आणि मी ते खाल्ले.

*रविवार*

सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मावशींनी गोधडी उलगडली. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. वास मला आधी आला. गोडसर, आंबूस, ताडी उतरल्यासारखा. केळी एकमेकांना चिकटली होती, मधाचा रंग जाऊन काळपट डाग आले होते. मावशींनी एक केळं उचललं, हुंगलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. अशी एकूण एक केळी त्यांनी हुंगली. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, दोन्ही बाजूंनी.

जेरोमला त्या त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, आणि नेमकं ते मला पूर्ण कळलं. त्या म्हणत होत्या की आपला हात बिघडला. घड पिकवतानाच चुकलं असणार, आतून कच्चा राहिला. मग माझ्याकडे वळून, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून, पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "वय झालं हो. सगळं ठीक केलंत तुम्ही, माझंच चुकलं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. जीभ उचलायचा अवकाश होता. जेरोम समोर होता, त्याची बायको होती, आणि मला ती कावळ्याची गोष्ट आठवली. मी काय म्हणालो ते लिहितानाही कान तापतात. मी म्हणालो, "असू दे मावशी. होतं असं कधी कधी." मी त्यांची समजूत घातली.

जाताना त्यांनी मला शहाळं, वालाच्या शेंगा आणि वेलची केळ्यांची फणी दिली. मी नको नको म्हणत घेतली. रिक्षात बसल्यावर पिशवी मांडीवर होती आणि ती खाली ठेवायचं धैर्य होईना.

*माणिकपूर*

सोसायटीच्या ग्रुपवर मी सूर्यास्ताचा फोटो टाकला. ही आपली वसई? काका, कमाल, कुठे आहे हे, असे पन्नास निरोप आले. मी एकालाही उत्तर दिलं नाही; सगळ्यांना तो नम्रपणा वाटला.

गुरुवारी जेरोमचा फोन आला. तो विदर्भातून परतला होता. खोल्यांच्या जाहिरातीसाठी माझे फोटो वापरू का, हे विचारायला त्याने फोन केला होता. मी मावशींबद्दल विचारलं आणि तो सहज सांगत गेला. शेवटी बाजारातून सुकेळी घेऊन गेलो. सिस्टर रोझने एक घास खाल्ला, बाजूला ठेवला आणि विचारलं, बाय विसरली का? आईला ते सांगितलं नाही, पण तिने ओळखलं. आता ती म्हणते, राजेळी काढून टाक, माझ्या हातून होणार नाही. तिथे आणखी दोन खोल्या बांधतो, सर. पुढच्या वेळी याल तेव्हा समुद्राकडची खिडकी मिळेल.

रात्री जेवताना सुनीताला सगळं सांगितलं. तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, ती म्हणेल की चूक कोणाच्याही हातून होते. ती म्हणाली, "रविवारी किती वाजता निघताय?"

वाचकांसाठी चार ओळी इथेच लिहून टाकतो, कारण पुढे त्या सुचणार नाहीत. जा. थंडीत जा, सायकल घ्या, अर्नाळ्याला पँट वर करून होडीत चढा, बावखलांच्या काठी थांबा, मिळेल ते जेवा. दूरदेशी जाऊन जे बघतो ते इथे आहे, आणि कोणी तिकीट मागत नाही. फक्त तिथे लोक राहतात. मला किनाऱ्यापायी त्यांचा विसर पडला, तुम्ही पडू देऊ नका.

*पुढचा रविवार, पुन्हा वाडी*

या वेळी रिक्षा वाटेत कुठेच थांबली नाही, थांबली असती तर मला चाललं असतं. मावशी ओटीवर चवळी निवडत होत्या. मला बघून त्यांना वाटलं, खोलीत काही विसरलं असेल. मी उभ्यानेच सांगितलं: समुद्रावर गेलो, सूर्य बुडेपर्यंत थांबलो, केळी दवात भिजली, ओल्या पंचाने पुसली, तुमच्याशी खोटं बोललो. कावळासुद्धा नव्हता, हेही सांगितलं.

मावशींचे हात सुपात थांबले. मला वाटलं, आता बोलतील ते ऐकून घ्यायचं, मान खाली घालून. त्यांनी सुपातले हात वर घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिले. मग हलकेच म्हणाल्या, "म्हणजे माझा हात बिघडला नाही."

"नाही मावशी."

"घड नीट पिकला होता."

"नीट पिकला होता."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि जेरोमला हाक मारली. तो आल्यावर मला म्हणाल्या, आता याला सांगा, पहिल्यापासून. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण या वेळी शब्द आयते तयार असतात. जेरोमचा चेहरा लाल झाला. इतके दिवस तो मला सर म्हणत होता, आता नुसतं तुम्ही म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे, आई आठ दिवस हात बघत बसली होती?" मी मान हलवली. माहीत नव्हतं, पण ते मला माहीत असायला हवं होतं. तो आणखीही बोलला आणि त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता.

मावशींनीच त्याला थांबवलं. राजेळीला हात लावायचा नाही, एवढं बजावलं. मग म्हणाल्या, रोझीला फोन लाव.

आधी त्या स्वतः बोलल्या, भरभर, त्यांच्या बोलीत. मध्येच हसल्यासुद्धा, त्यांना हसताना मी त्या पहिल्या दुपारनंतर आत्ताच बघत होतो. मग फोन माझ्या हातात दिला. तिकडून अगदी बारीक आवाज आला, दमलेला. मी तिसऱ्यांदा सांगितलं. क्षमा मागितली. 

"कबूल केलंत ते बरं केलंत," सिस्टर म्हणाल्या. "आता मला सांगा, त्या संध्याकाळी समुद्र कसा होता?"

मी म्हटलं, सुंदर होता.

"तो असणारच. पाणी कुठवर होतं?"

उतरलं होतं, मी सांगितलं, खूप लांब. खेकड्यांनी गोळ्या मांडल्या होत्या का? होत्या, मी सांगितलं, आणि त्यातल्या काही मी फोटोसाठी पायाने पुसल्या, हेही सांगितलं. जाळं ओढायला कोणी होतं का? दोन बायका होत्या. त्यांच्या टोपलीत काय होतं? ते मी बघितलं नव्हतं, आणि बघितलं नाही असंच सांगितलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

"आणि वारा?" त्यांनी विचारलं. "पाण्यावरून येत होता की वाडीकडून?"

मी म्हटलं, सिस्टर, लक्षात नाही.

"आठवा," त्या म्हणाल्या. "मला कुठे जायचं नाही."

मी ओटीच्या खांबाला धरून डोळे मिटले. बावीसच्या बावीस फोटो डोळ्यांपुढे आले. वारा आठवेना.